पेटीतली रिकामी जागा

घाटकोपरच्या आमच्या घरात सध्या एक प्रश्न चर्चेत आहे : मुलाचा गेमिंग डेस्कटॉप काढून गेमिंग लॅपटॉप घ्यावा काय? दोन खोल्यांच्या घरात एक टेबल मोकळे होईल, हा युक्तिवाद मोहक आहे. परंतु मराठी शिकवणाऱ्या आम्हां दोघांना या निमित्ताने आपल्या लिपीचा अलीकडचा इतिहास आठवला.

१९८०च्या दशकातील वैयक्तिक संगणक रोमन लिपीच्या सुट्या अक्षरांसाठी आखलेला होता. देवनागरीची जोडाक्षरे त्याच्या पडद्याला ठाऊक नव्हती. आयआयटी कानपूरमध्ये आकाराला आलेले आणि १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने पुढे नेलेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान हा त्यावरचा तोडगा होता. त्याचे कार्ड पेटीतल्या रिकाम्या स्लॉटमध्ये बसवले की डॉसवर मराठी दिसू लागे. निर्मात्यांनी गृहीत न धरलेली लिपी यंत्रात शिरली, ती पेटी उघडता येत होती म्हणून. पुढे युनिकोडच्या आधारे विंडोज २०००सारख्या प्रणालींनीच हे काम स्वीकारले आणि कार्डाची गरज सरली.

आज अशाच स्लॉटमध्ये ग्राफिक्स कार्ड बसते. नवे खेळ झेपेनासे झाले की बहुधा तेवढेच बदलता येते. बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये मात्र ती चिप मदरबोर्डवरच पक्की बसवलेली असते. ती मागे पडली की सारे यंत्रच मागे पडते. मुलगा वसतिगृहात राहणार असता, तर ही किंमत आम्ही मोजलीही असती. तो घरीच खेळतो. तेव्हा तूर्त टेबल राहू द्यावे आणि कार्ड बदलावे, असे आम्ही ठरवले आहे.