स्टॅम्पपेपरवरचा काडीमोड

आपल्या सातारा-सांगलीकडं अजूनही चार पंच बसवून स्टॅम्पपेपरवर काडीमोड लिहून घेतात. याला मी नुसतं अडाणीपण म्हणणार नाही. कित्येक जातींत जुनी रूढीच तशी होती. मुंबई प्रांतानं १९४७ साली हिंदू घटस्फोटाचा कायदा केला. तासगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात, तिथं तो लागू. शेजारची सांगली संस्थानात, तिथं नाही! १९४८ ला संस्थान विलीन झालं आणि १९५५ ला देशभराचा हिंदू विवाह कायदा आला.

त्याच्या कलम २९ नं रूढीचा काडीमोड मान्य ठेवला, पण ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते. नाही झाली, तर पहिलं लग्न कायम आणि दुसरं रद्दबातल. भोगायचं मात्र बाईनं.

म्हणून सही करायच्या आधी वकील गाठा. दोघं राजी असाल तर १९७६ पासून परस्परसंमतीची वाट आहे: वर्षभर वेगळं राहिलेलं असावं, अर्जानंतर साधारण सहा महिने थांबायचं. पोटगी, मुलांचा ताबा, स्त्रीधन, सगळं त्यातच लिहून घ्या. फी परवडत नाही? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा. बाईला तिथं उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.