'उत्' ते 'डो': पाश्चात्त्य स्वरसंज्ञांची घडण

सातव्या शतकात सेव्हिलचा बिशप इसिदोर याने आपल्या ज्ञानकोशात असे नोंदवून ठेवले की, नाद लिहिता येत नाहीत, म्हणून माणसाने ते स्मरणात धरले नाहीत तर ते नष्ट होतात. त्या काळच्या युरोपात हे विधान अक्षरशः खरे होते, कारण चर्चमधील वर्षभराच्या उपासनेची शेकडो गीते गुरूच्या तोंडून ऐकून, घोकून पाठ करण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. पाश्चात्त्य संगीतशास्त्राची आजची परिभाषा, म्हणजे पाच ओळींची चौकट, क्लेफ, शार्प, फ्लॅट, मेजर, मायनर आणि 'डो रे मी', ही एखाद्या तत्त्वज्ञाने विचारपूर्वक रचलेली नाही. पाठांतराचे हे ओझे हलके करण्यासाठी केलेल्या खटपटींतून ती शतकानुशतके साठत गेली आहे, आणि म्हणूनच तिच्यातील कित्येक शब्द आज आपल्या मूळ अर्थाच्या थेट उलट दिशेला उभे असलेले दिसतात.

नवव्या शतकापासून मठांतील लेखनिक गीताच्या शब्दांवर बारीक फटकारे काढू लागले. 'न्यूम' या नावाने ओळखली जाणारी ही चिन्हे आवाज कोठे चढतो आणि कोठे उतरतो एवढेच सांगत. किती चढतो हे सांगत नसत. चाल आधीच ठाऊक असलेल्याला ती आठवण करून देत, नवख्याला मात्र त्यांचा काही उपयोग नव्हता. हा पेच सोडवण्याचे श्रेय इटलीतील बेनेडिक्टाइन संन्यासी ग्विदो याच्याकडे जाते. फेरारानजीकच्या पोम्पोझा मठात त्याने शिकवण्याची नवी रीत काढली, परंतु तेथील सहकाऱ्यांचा मत्सर ओढवून घेतल्यामुळे तो आरेझ्झो येथे बिशप थेओदाल्द याच्या आश्रयाला गेला आणि तेथेच सुमारे 1026 मध्ये त्याने 'मिक्रोलोगुस' हा ग्रंथ लिहिला. त्याची पहिली युक्ती दिसायला अगदी साधी होती. न्यूम चिन्हे हवेत न सोडता त्याने ती आडव्या ओळींवर आणि ओळींच्या मधल्या जागांत बसवली, 'एफ' स्वराची ओळ तांबडी आणि 'सी' स्वराची पिवळी केली, आणि ओळीच्या आरंभी त्या स्वराचे अक्षर लिहिले. या अक्षरांना वळणे फुटत जाऊन आजचे क्लेफ तयार झाले. व्हायोलिनच्या स्वरलेखनात दिसणारे नागमोडी चिन्ह हे वस्तुतः 'जी' हे अक्षरच आहे.

लाल आणि पिवळ्या ओळी नेमक्या याच दोन स्वरांना का, यातच ग्विदोची दृष्टी दिसते. सात शुद्ध स्वरांच्या सप्तकात, म्हणजे आपल्या बिलावल थाटाच्या स्वरांत, लगतच्या दोन स्वरांमधील अंतर सर्वत्र सारखे नसते. ग आणि म यांच्यात तसेच नि आणि वरचा सा यांच्यात ते निम्मे असते. गाणारा मुलगा चुकतो तो याच अरुंद पायऱ्यांवर. 'एफ' आणि 'सी' हे अशा अर्धस्वराच्या वरच्या काठावरचे स्वर असल्याने रंगीत ओळ दिसताच तिच्या लगेच खाली अरुंद पायरी आहे, हे त्याला कळे.

दुसरी युक्ती कानासाठी होती. संत योहान बाप्तिस्त याच्या स्तुतीचे एक लॅटिन स्तोत्र घेऊन, त्यातील पहिली सहा चरणार्धे क्रमाने एकेक स्वर वर सुरू होतात अशा चालीत ग्विदोने ते शिकवले, आणि त्या सहा आरंभांची अक्षरे, म्हणजे उत्, रे, मी, फा, सोल, ला, ही त्या स्वरांची नावे झाली. या सहा स्वरांच्या पट्ट्याला 'हेक्साकॉर्ड' म्हणजे षट्स्वरी म्हणत. त्यात अर्धस्वर एकच, तोही नेहमी मी आणि फा यांच्यामध्ये. त्यामुळे पट्टा 'सी', 'जी' किंवा 'एफ' यांपैकी कोठूनही सुरू केला तरी मी-फाची जवळीक विद्यार्थ्याच्या कानात पक्की राही. ही नावे ठरावीक उंचीच्या स्वरांची नव्हती, तर नात्यांची होती. षड्ज कोठेही धरला तरी त्याला 'सा'च म्हणणाऱ्या आपल्या पद्धतीशी या नावांचे हे साम्य लक्षणीय आहे. पूर्वी 10 वर्षांत जे अर्धवट साधे ते आता एका, फार तर दोन वर्षांत पुरे साधते, असा दावा ग्विदोने आपला मित्र मिखाएल याला लिहिलेल्या पत्रात केला. त्याच पत्रावरून कळते की, पोप एकोणिसावा योहान याने त्याला रोमला बोलावून घेतले आणि कधी न ऐकलेली एक ओळ स्वतः गाऊन पाहिल्यावरच पोपला या पद्धतीची खात्री पटली. रोमचा दमट उन्हाळा न सोसल्याने ग्विदो मात्र तेथे फार काळ राहिला नाही.

षट्स्वरीच्या या व्यवस्थेने एक गुंता मात्र जन्माला घातला. 'एफ'पासून पट्टा सुरू केला की चौथा स्वर, म्हणजे 'बी', थोडा उतरवावा लागे. 'जी'पासून सुरू केला तर तोच 'बी' चढा ठेवावा लागे. लेखनिकांनी उतरलेल्या स्वरासाठी गोल पोटाचे आणि चढ्यासाठी चौकोनी पोटाचे 'बी' लिहिण्यास सुरुवात केली, आणि पहिल्याला 'मऊ', तर दुसऱ्याला 'कठीण' म्हटले. पाश्चात्त्य संगीतातील विकृत स्वरांची सारी कुळकथा या एका अक्षराच्या पोटात आहे, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरणार नाही. गोल 'बी' म्हणजे आजचे फ्लॅटचे चिन्ह. चौकोनी 'बी'पासून नॅचरल आणि शार्प ही दोन्ही चिन्हे निघाली. जर्मनांनी तर चौकोनी 'बी'ला 'एच' असेच नाव दिले, त्यामुळे त्यांच्या लिपीत 'बाख' हे आडनाव चार स्वरांत गाता येते, आणि योहान सेबास्टियन बाखने आपल्या 'आर्ट ऑफ फ्यूग'मधील अपुऱ्या राहिलेल्या अखेरच्या रचनेत ते गुंफलेही. मेजर आणि मायनर यांना जर्मन भाषेत आजही 'दुर' आणि 'मोल' म्हणतात. हे शब्द त्याच कठीण आणि मऊ 'बी'चे वंशज आहेत.

स्वराची उंची लिहिता आली तरी त्याची लांबी लिहिता येत नव्हती. एकट्या गायनात हे खपून जाई. पण बाराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या नोत्र दाम येथे एकाच वेळी अनेक चाली गाण्याची प्रथा फोफावली, तेव्हा सर्वांनी एकत्र कोठे यायचे याचे माप अटळ झाले. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलोनच्या फ्रांको याने 'लोंगा' म्हणजे दीर्घ आणि 'ब्रेविस' म्हणजे ऱ्हस्व या चिन्हांना निश्चित कालमूल्ये दिली. ख्रिस्ती धर्मातील त्रैक्याच्या कल्पनेनुसार तीन मात्रांची गणना पूर्ण मानली जाई आणि पुढे तिचे चिन्ह पूर्ण वर्तुळ झाले. दोन मात्रांची गणना अपूर्ण, म्हणून तिचे वर्तुळ तुटके. चार मात्रांच्या तालासाठी आज छापला जाणारा 'सी' हा 'कॉमन' या शब्दाचे आद्याक्षर आहे असे पुष्कळ संगीतशिक्षक सांगतात. तो खरे तर हे तुटके वर्तुळच आहे. प्रत्येक पिढीने अधिक जलद स्वर शोधले आणि जुनी नावे वरच्या पायरीवर ढकलली गेली. परिणामी ऱ्हस्व असा अर्थ असलेला 'ब्रीव्ह' आज प्रचारातील सर्वांत लांब स्वर आहे, आणि 'सर्वांत लहान' असे नाव मिरवणारा 'मिनिम' त्याच्याहून कितीतरी लहान स्वरांच्या डोक्यावर बसला आहे. 'आलेग्रो'चे तसेच झाले. इटालियनमध्ये आनंदी असा अर्थ असलेला हा शब्द आता केवळ द्रुत लय दाखवतो.

1501 मध्ये व्हेनिसच्या ओत्ताव्हियानो पेत्रुच्ची याने अनेक आवाजांच्या गीतांचा संग्रह खिळ्यांनी छापून काढल्यावर ही चिन्हे युरोपभर एका ठशाची झाली. 1547 मध्ये ग्लारेआनुस याने आज मेजर आणि मायनर म्हणून ओळखले जाणारे स्वरक्रम चर्चगीतांच्या जुन्या आठ 'मोडां'च्या, म्हणजे स्वरक्रमांच्या, शेजारी बसवले, तर 1722 मध्ये फ्रान्सच्या रामो याने एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या समूहाला, म्हणजे कॉर्डला, त्याच्या मूळ स्वरावरून ओळखण्याची रीत ग्रंथबद्ध केली. मधल्या काळात संत योहानाच्या लॅटिन नावाच्या आद्याक्षरांवरून सातव्या स्वराला 'सी' हे नाव मिळाले आणि उच्चाराला अवघड 'उत्'च्या जागी सतराव्या शतकात इटलीत 'डो' रुजला. पण मोठा बदल नावाचा नव्हता. फ्रान्स, इटली, पोर्तुगाल या देशांत 'डो' हा शब्द हळूहळू नात्याचा न राहता कीबोर्डवरील एका ठरावीक पट्टीचा झाला. इंग्लंडमध्ये मात्र एकोणिसाव्या शतकात सेरा ग्लोव्हर आणि जॉन करवेन यांनी 'टॉनिक सोल-फा' पद्धतीत सरकता 'डो' पुन्हा प्रतिष्ठित केला.

गोव्यात पोर्तुगीज अमलाखाली चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरवाचन आणि व्हायोलिन शिकवले जात असे, आणि ही परंपरा अर्थातच स्थिर 'डो'ची होती. विसाव्या शतकात तेथील वादक मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस किंवा शंकर-जयकिशन यांचे संयोजक सेबास्टियन डिसोझा यांच्यासारख्यांसमोर संगीतकार बहुधा चाल गाऊन दाखवी, तीही स्वतःच्या गळ्याला सोयीच्या पट्टीत आणि सरकत्या षड्जाच्या हिशोबाने. ती पाच ओळींवर उतरवताना आधी 'सा' कोणत्या पट्टीवर धरला आहे हे पाहावे लागे. त्याचे उत्तर मैफलीच्या भाषेत 'काळी चार' किंवा 'पांढरी एक' असे असे. म्हणजे ज्या हार्मोनियमवर बोट ठेवून ते दिले जाई, त्याच्या काळ्या पट्ट्यांतील एक, पाचवी, ही मध्ययुगीन लेखनिकांच्या गोल पोटाच्या 'बी'चीच जागा होती.