एकाच घाण्यातल्या गोळ्या

भाजणी एकच, सोऱ्या तोच, हातही तोच, तरी चकलीचा पहिला घाणा आणि चौथा घाणा सारखा उतरत नाही, हे प्रत्येक घराला ठाऊक असतं. काडतुसाच्या धंद्यात या घाण्याला ‘लॉट’ म्हणतात. पुण्याचा या धंद्याशी संबंध जुना आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 सालचा, म्हणजे ब्रिटिश फौजेने मागून भरायची स्नायडर बंदूक स्वीकारली त्यानंतर तीनच वर्षांनी उभा राहिलेला. मुंबईहून पुण्यापर्यंत रेल्वे आली होती आणि छावणी तर शेजारीच होती. पुढे .303 काडतुसाच्या पुंगळीच्या बुडावर इथे ‘के’ आणि ‘एफ’ ही अक्षरं आणि सालाचे आकडे उमटू लागले. के म्हणजे किर्की, खडकीचं इंग्रजांच्या तोंडचं नाव. माझं म्हणणं असं, की गोळ्यांचा सारखेपणा जितका यंत्रातून येतो, त्याहून अधिक या शिक्क्यामागच्या सवयीतून येतो. कोणता माल कोणत्या घाण्याचा हे लिहून ठेवायचं आणि दोन घाणे एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत, ही ती सवय.

सारखेपणाचा एवढा आग्रह कशासाठी, हे त्या .303 च्या पोटात डोकावल्यावर कळतं. 1910 साली आलेल्या ‘मार्क सात’ जातीची गोळी 174 ग्रेन वजनाची होती आणि सेकंदाला सुमारे 2,440 फूट वेगाने सुटे. ली-एनफिल्ड रायफलच्या नळीतले आटे दर 10 इंचांना एक फेरा घेतात. हिशोब केला तर नळीबाहेर पडताना ती गोळी सेकंदाला 2,900 हून जास्त गिरक्या घेत असे. इतक्या वेगाने फिरणाऱ्या वस्तूच्या धातूच्या कवचाची एक बाजू केसभर जाड असली, तरी तिचा गुरुत्वमध्य अक्षावरून सरकतो. नळीत असेपर्यंत आटे तिला सरळ धरून ठेवतात, बाहेर पडताच ती किंचित बाजूला फेकली जाते. शिवाय या गोळीच्या टोकाकडच्या भागात शिशाऐवजी हलकं अॅल्युमिनियम भरलेलं असे, कधी त्याऐवजी लाकडाचा लगदा. नाव एक, वजन एक आणि आत दोन प्रकारची भरण! केवळ तागडीवर विसंबणाऱ्याला हा फरक दिसलाच नसता. तो कळायला भरणीची नोंदच हवी.

यावर आक्षेप असा, की कारखान्याचा शिक्का नेमबाजीसाठी नव्हताच, तो कोठारासाठी होता. हे खरं आहे. काडतुसात भरलेलं कॉर्डाइट, म्हणजे दारू, उष्णतेत खराब होतं, ती पेटवणाऱ्या टोप्या कधी फुसक्या निघतात. एखाद्या लॉटमध्ये खोट सापडली की तेवढाच माल बाजूला काढता यावा, सगळं कोठार रिकामं करावं लागू नये, हा मूळ हेतू. पण हेतू सुरक्षेचा होता म्हणून नोंदीचं काम तिथेच थांबत नाही. जी नोंद वाईट लॉट शोधून देते, तीच चांगला लॉटही दाखवते. स्पर्धेच्या नेमबाजांना या दुसऱ्या उपयोगाची गरज उशिरा भासली, आणि त्याला कारण आहे. इंग्लंडात बिझ्लीच्या मैदानावर सर्व्हिस रायफलच्या स्पर्धांत बराच काळ सर्वांना मैदानावर वाटलेलीच काडतुसं वापरावी लागत. लॉट बरा असो वा वाईट, तो सगळ्यांच्या वाट्याला सारखाच येई. ही पद्धत न्याय्य वाटते आणि काही अंशी आहेही. पण प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. ज्या लॉटवर एक रायफल एकाच भोकात गोळ्या घालते, त्यावरच दुसरी विखुरते. वाटप समान झालं म्हणून परिणाम समान होत नव्हता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: तेव्हाची यंत्रं ढोबळ होती, आता एखाद्या सहस्रांश इंचाचा हिशोब ठेवणारी आली, मग लॉटची चिंता कशाला? यंत्रं सुधारली यात शंका नाही. तरी कवचाची पट्टी एका गुंडाळीतून संपते आणि दुसरी लागते, तिचा कठीणपणा थोडा निराळा असतो. गोळीला आकार देणारा साचा लाखो ठोके खाऊन झिजतो आणि एके दिवशी बदलावा लागतो. त्या दिवशी गोळीच्या नाकाचा बाक केसभर सरकतो, बुडापासून बाकापर्यंतचं अंतर बदलतं, आणि गोळीला आट्यांपर्यंत करावी लागणारी उडीही बदलते. हाताने काडतुसं भरणारे नेमबाज म्हणूनच नवा डबा उघडला की हे अंतर मोजतात आणि दारूचं माप पुन्हा जुळवतात. दोन यंत्रांचा माल एकाच डब्यात पडला तर आणखी पंचाईत: सरासरी उत्तम दिसते, प्रत्यक्षात मात्र गोळ्यांचे दोन कळप असतात. यंत्राची अचूकता एका लॉटमधला फरक कमी करते. दोन लॉटमधली उडी ती पुसू शकत नाही. उलट आतला गोंधळ जितका कमी, तितकी ती उडी ठळक दिसू लागते.

बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात, म्हणजे 1994 च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलेल्या मैदानांवर, हाच प्रश्न आणखी कडक रूपात उभा असतो. 50 मीटर रायफलमध्ये .22 ची काडतुसं लागतात. त्यांची स्फोटक टोपी बुडाच्या कडेतच भरलेली असते, त्यामुळे ती घरी पुन्हा भरून जुळवून घेण्याची सोय नाही. नेमबाजाच्या हातात एकच गोष्ट उरते, लॉट निवडणं. म्हणून मोठे खेळाडू युरोपातल्या काडतूस कारखान्यांच्या चाचणी केंद्रांत आपली रायफल घेऊन जातात, तिथे नळी शिकंज्यात आवळून एकेका लॉटच्या गोळ्या झाडतात, आणि जो जमला त्या क्रमांकाचे खोके उचलतात. नेमबाजाचा श्वास, हात आणि धीर यांना महत्त्व आहेच, किंबहुना सर्वात जास्त आहे. पण शिकंज्याला श्वास नसतो, आणि तरी त्याच नळीतून दोन लॉट वेगवेगळी वर्तुळं काढतात. या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटर व्यासाचं असतं आणि एक दशांश गुण म्हणजे 0.8 मिलिमीटर. बालेवाडीत सराव केलेल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेने 2024 साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं, ते अशाच दशांशांची बेरीज करत 451.4 वर पोहोचून.