उसना उजेड : घरच्या सर्किट बोर्डाची गोष्ट



घरात एखादा बंद पडलेला रेडिओ किंवा टीव्हीचा रिमोट असेल तर तो उघडून बघा. आत एक हिरवी पाटी दिसेल आणि तिच्यावर तांब्याच्या बारीक रेघा. हाच प्रिंटेड सर्किट बोर्ड. प्रिंटेड म्हणजे छापलेला. आणि तो खरोखरच छापला जातो, शाईच्या जागी उजेड वापरून. आजची गोष्ट त्या उजेडाची. कारखान्यातल्या नव्हे, घरी स्वयंपाकघराच्या ओट्यावर बोर्ड बनवणाऱ्या हौशी माणसाच्या उजेडाची.

आधी कृती थोडक्यात सांगतो. तांब्याचा पातळ पत्रा चिकटवलेली पाटी घ्यायची. तिच्यावर उजेडाने बदलणारा एक थर असतो. पारदर्शक फिल्मवर सर्किटचा नकाशा काळ्या रंगात छापायचा, फिल्म पाटीवर ठेवायची, वर काच दाबायची आणि अतिनील किरण सोडायचे. जिथे किरण पोचले तिथला थर सौम्य कॉस्टिक सोड्यात धुऊन जातो. रेघांच्या काळ्या सावलीतला थर मात्र टिकतो. मग पाटी फेरिक क्लोराइडमध्ये बुडवली की उघडं पडलेलं तांबं विरघळतं आणि झाकलेल्या रेघा उरतात.

यात सगळ्यात अवघड काय? तर योग्य उजेड मिळवणं. अशा उजेडाच्या तयार पेट्या बाजारात होत्या, पण हौशी माणसाच्या खिशाला त्या जड. म्हणून त्याने कायम दुसऱ्या कुणाच्या तरी धंद्यातला दिवा उसना आणला.

पहिला उसना दिवा म्हणजे सूर्य. 1801 साली जर्मनीतल्या येना गावात योहान रिटर यांनी पाहिलं, की सूर्याच्या सप्तरंगी पट्ट्यात जांभळ्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही, तिथेही सिल्व्हर क्लोराइड काळं पडतं. अतिनील किरणांचा तो शोध. पुढे 1820 च्या दशकात फ्रान्समध्ये निसेफोर न्येप्स यांनी धातूच्या पत्र्यावर एका जातीच्या डांबराचा थर दिला. कागदावरचं चित्र वॉर्निश लावून अर्धपारदर्शक केलं, ते पत्र्यावर ठेवलं आणि सगळं उन्हात मांडलं. ऊन लागलेलं डांबर घट्ट झालं, उरलेलं तेलात धुऊन गेलं, मग आम्लाने पत्रा कोरला. मंडळी, घरचा बोर्ड बनवण्याची कृती हीच की! दीडशे वर्षांनी मासिकात छापलेला सर्किटचा नकाशा पाटीवर उतरवायचा म्हणून हौशी मंडळी कागदाला खायचं तेल चोळत होती. न्येप्स यांच्या वॉर्निशाचाच तो स्वयंपाकघरातला भाऊ.

ऊन फुकट खरं, पण ढगांच्या मर्जीवर. आपल्याकडे चैत्र-वैशाखात गच्चीवर वाळवण घालावं तशी पाटी ठेवली तर काही मिनिटांत काम होतं. इथे ब्रिटनमध्ये डिसेंबरात सूर्य जेमतेम छपरावर चढतो, आणि जो उजेड येतो त्यात अतिनील भाग फारच थोडा. शिवाय आज जी वेळ लागली ती उद्या लागेलच असं नाही. छापणाऱ्याला तर रोज तोच उजेड हवा.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी छापखान्यांना तसा उजेड मिळाला. दोन कार्बनच्या कांड्यांमध्ये विजेची ठिणगी धगधगत ठेवायची, तो आर्क दिवा. त्यातून जांभळ्या आणि अतिनील किरणांचा चांगला झोत निघतो. वर्तमानपत्रांतले फोटो ज्या जस्ताच्या ब्लॉकवरून छापले जात, ते ब्लॉक या उजेडात तयार होऊ लागले. ब्लॉक बनवण्याची ही विद्या महाराष्ट्रातही रुजली. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी याच धंद्यात होते. बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी फोटोग्राफी आणि छपाईची तंत्रं शिकली आणि 1908 च्या सुमारास स्वतःचा ब्लॉकचा आणि छपाईचा कारखाना काढला. 'राजा हरिश्चंद्र' आला 1913 मध्ये. म्हणजे आपल्या सिनेमाच्या जनकाला, पत्र्यावर उजेडाने रेघ कशी उमटवायची, हे आधीपासून ठाऊक होतं.

ब्लॉकवाल्यांची ही विद्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये आली ती लंडनमधून. पॉल आयस्लर हे 1907 साली व्हिएन्नात जन्मलेले ज्यू इंजिनिअर. नाझींच्या सावलीतून निसटून ते 1936 साली इंग्लंडला आले. हॅम्पस्टेडच्या खोलीत राहून त्यांनी छापलेल्या सर्किटचा रेडिओ बनवला. तो एका कंपनीला दाखवला, तर उत्तर मिळालं की तारा जोडणाऱ्या मुली याहून स्वस्त पडतात. महायुद्ध सुरू झालं तेव्हा शत्रुदेशाचा नागरिक म्हणून ब्रिटिश सरकारने त्यांना काही काळ नजरकैदेतही ठेवलं. सुटल्यावर त्यांना आसरा मिळाला तो कॅम्बरवेलमधल्या एका लिथोग्राफीच्या छापखान्यात. 1943 मध्ये त्यांनी पेटंटचा अर्ज केला. इलेक्ट्रॉनिक्सची ही क्रांती वाढली ती छापखान्याच्या छपराखाली, हे इथे राहणाऱ्या आपण आवर्जून लक्षात ठेवावं. परक्या देशात आलेला माणूस, आणि त्याला जागा देणारा दुसऱ्याच धंद्यातला मालक.

प्रकाशाने बदलणारा थरही असाच शेजारच्या धंद्यातून आला. घराच्या किंवा पुलाच्या नकाशाच्या अमोनिया प्रिंट तुमच्यापैकी अनेक इंजिनिअर मंडळींनी हाताळल्या असतील. ते रसायन जर्मनीतल्या काले कंपनीने विकसित केलं. त्याच कंपनीत 1940 च्या दशकात ओस्कार झ्यूस यांनी त्याच कुळातलं एक रसायन छपाईच्या पत्र्यांसाठी तयार केलं. आज घरच्या पाटीवर बहुधा त्याच जातीचा थर असतो. त्याला साधारण 350 ते 450 नॅनोमीटरच्या लहरी कळतात, म्हणजे जवळचा अतिनील, जांभळा आणि थोडा निळा. हा आकडा ध्यानात ठेवा, पुढची सगळी गोष्ट याच्याभोवती फिरते.

पाऱ्याच्या वाफेत वीज सोडली की ठरावीक लहरी निघतात : 254, 365, 405, 436. यातल्या शेवटच्या तिन्ही आपल्या थराला चालतात. म्हणून पाऱ्याचा दिवा हौशी लोकांचा लाडका. पण पाऱ्याचे दिवे बनले होते रस्त्यांसाठी. पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवरही ते निळसर पांढरे दिवे पुष्कळ होते. त्यांची बाहेरची काच अतिनील किरण अडवते. मग काही धाडसी मंडळींनी ती काचच फोडली आणि आतली नळी उघडी चालवली. बोर्ड झाला, पण त्याबरोबर 254 ची लहर खोलीभर मोकळी सुटली. तिने कातडी भाजते आणि डोळ्यांना इजा होते. त्या क्षणी काहीच कळत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागतं. वेल्डिंगवाल्यांना हा त्रास चांगला ठाऊक आहे.

दुसरी फसगत जंतुनाशक दिव्याची. मेमरी चिपवरची माहिती पुसायलाही तोच दिवा वापरत. अतिनीलच तर हवा, असं म्हणून लोक तो आणत. पण त्याची लहर 254 ची, ती फिल्मवरच्या साध्या काचेत अडते. म्हणजे बोर्ड होत नाही आणि डोळे मात्र जातात. उसना दिवा आणताना त्याचा स्वभाव विचारला नाही, तर असं होतं.

योग्य दिवा सापडला तो हॉटेलच्या आणि मिठाईच्या दुकानांच्या भिंतीवर. माश्या मारायच्या यंत्रातली निळसर नळी! किड्यांना 365 च्या आसपासचा उजेड ओढतो आणि आपल्या थरालाही तोच हवा. आठ किंवा पंधरा वॉटच्या अशा दोन-चार नळ्या जुन्या स्कॅनरच्या खोक्यात बसवल्या, वर स्कॅनरचीच काच, की काही मिनिटांत बोर्ड तयार. त्याच जातीच्या नळ्या चेहरा सावळा करायच्या यंत्रातही असत. इथली गोरी मंडळी उन्हाच्या हौसेने ती यंत्रं घ्यायची, दोन वर्षांनी जुन्या बाजारात विकायची आणि हौशी इलेक्ट्रॉनिक्सवाला ती उचलायचा. मग नखांना जेल लावणाऱ्या पार्लरचे दिवे आले, नऊ वॉटच्या चार नळ्यांचे. तेही असेच उसने घेतले.

1993 मध्ये जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी झगझगीत निळा एलईडी करून दाखवला. या शोधासाठी 2014 चं नोबेल त्यांच्यासह आकासाकी आणि आमानो यांना मिळालं. त्याच गॅलियम नायट्राइडमधून पुढे 405 आणि 365 चे एलईडी निघाले. नकली नोटा ओळखायच्या टॉर्चमधले ते छोटे दिवे ओळीने बसवले की झाली पेटी. पारा नाही, तापायची वाट पाहणं नाही. पण एक इशारा. 365 चा एलईडी डोळ्याला मंद दिसतो, म्हणून बाहुली आकसत नाही आणि आपण खुशाल बघत बसतो. पेटीला झाकण हवंच, आणि झाकण उघडताच दिवा बंद होईल असं बटणही हवं.

दिवा कोणताही असो, वेळ मात्र त्यालाच विचारावी लागते. पाटीचा एक तुकडा घ्या, पुठ्ठ्याने झाका आणि दर मिनिटाला बोटभर पुठ्ठा सरकवा. धुतल्यावर कोणत्या पट्टीत थर पूर्ण निघाला ते दिसतं. ती तुमची वेळ. फोटोवाले अंधाऱ्या खोलीत हेच करायचे.

आता तुम्ही विचाराल, चीनमधून थोड्या पैशांत सुबक बोर्ड टपालाने येतात, मग हा खटाटोप कशाला? गरजेपुरतं बघितलं तर प्रश्न बरोबर आहे. पण टपालाने बोर्ड मागवताना लहर कोणती, ती काचेतून जाते का, डोळ्याला चालते का, हे काहीच विचारावं लागत नाही. घरी एक बोर्ड केलेल्या माणसाला ते विचारावंच लागलं होतं. घरात शाळकरी मूल असेल तर त्याला एकदा हा बोर्ड करून दाखवा, झाकणाच्या पेटीत, काळजी घेऊन. पुढे आयुष्यात कुठलाही दिवा लावताना ते आधी त्याचा आकडा बघेल.