जमिनीखालचा कानोसा

पावसाळ्यात जवाहर तलाव भरून सांडव्यावरून पाणी वाहू लागले, म्हणजे निपाणीकरांचा जीव भांड्यात पडतो. तलावातले पाणी डोळ्यांना दिसते. परंतु गावोगावच्या नळांतून जाताना त्यातले किती वाटेत जमिनीत मुरते, हे कोणालाच दिसत नाही. ही अदृश्य गळती शोधण्याचा उद्योग दीडशे वर्षांचा आहे.

इंग्लंडातील लिव्हरपूल शहरात १८७० च्या सुमारास नळाला दिवसातून काही तासच पाणी येत असे. शहराचे अभियंते जॉर्ज डीकन यांनी १८७३ साली एक मापक बनविला. वस्तीला जाणारे पाणी त्यातून जाई आणि घड्याळाच्या गतीने फिरणाऱ्या कागदावर पेन्सिल त्याची रेघ उमटवी. मध्यरात्रीनंतर, गाव झोपले असता, ती रेघ जवळजवळ तळाशी यावयास हवी. न आली तर वाहणारे पाणी गळतीचेच. मग तपासनीस एकेका गल्लीचा व्हॉल्व्ह बंद करीत जाई. जो बंद करताच रेघ खाली उतरे, त्या गल्लीत दोष! पुढे नळाच्या चावीचा दांडा कानाशी धरून फुसफुस ऐकावयाची. गळत्या बुजल्या, आणि पूर्वीपेक्षा कमी पाण्यात लिव्हरपूलला अहोरात्र पुरवठा होऊ लागला.

आज ज्यांना सर्रास सेन्सर म्हणतात, ती डिजिटल यंत्रे याच दांड्याची व पेन्सिलीची वारस होत. दोन व्हॉल्व्हांवर दोन सेन्सर बसवितात. मधल्या गळतीचा आवाज ज्याच्यापाशी आधी पोहोचेल, त्याच्याकडे ती जवळ. वेळेच्या फरकावरून नेमकी जागा निघते. रात्रीच्या प्रवाहाची नोंदही आपोआप कचेरीत येऊन पडते.

परंतु या साऱ्या कौशल्याला एक अट आहे. नळात पाणी हवे, आणि दाबाने हवे. पाळीच्या पाण्याच्या गावात नळ बहुतेक वेळ रिकामा. रिकामा नळ बोलत नाही. उलट, ज्या भोकातून पाणी बाहेर जाते, त्याच भोकातून पाणी गेल्यावर गटाराची घाण आत शिरते. हुबळी-धारवाडच्या पाण्याचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. पाळीच्या नळांच्या सुमारे एकतृतीयांश नमुन्यांत विष्ठेतून येणारे जंतू सापडले. अखंड पुरवठ्याच्या नळांत शंभरांत एखाद्याच नमुन्यात.

हा अखंड पुरवठा आला कोठून? बेळगाव, हुबळी-धारवाड आणि गुलबर्गा या शहरांच्या निवडक भागांसाठी जागतिक बँकेने २००४ साली कर्ज मंजूर केले. बेळगावला राकसकोप आणि हिडकल अशी दोन जलाशयांची जोड असूनही काही दिवसांआड काही तासच पाणी मिळे. निवडलेल्या भागांत जुने नळ सोडून नवे घातले, प्रत्येक घराला मीटर बसविला, आणि भागाच्या तोंडाशी आत येणारे पाणी मोजावयास सुरुवात झाली. डीकनचीच युक्ती ती! २००८ पर्यंत तेथे चोवीस तास पाणी आले. काम एका फ्रेंच कंपनीकडे होते. नगराचे पाणी परक्यांच्या हाती द्यावे काय, मीटरचे बिल गरिबाला झेपेल काय, असा वाद पेटला. तो अनाठायी नव्हता.

शिवाय ही सोय शहराच्या साधारण दहाव्या हिश्श्यापुरतीच होती. उरलेल्या बेळगावात त्यानंतरही कित्येक वर्षे पाणी पाळीनेच आले. तेथे मध्यरात्री कोणी दांड्याला कान लावला असता, तर बहुधा काहीच ऐकू आले नसते.