अंधांची विद्या आणि आपले कर्तव्य

अंधास 'प्रज्ञाचक्षू' म्हणण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. परंतु त्या प्रज्ञेस शाळेचे दार उघडून देण्याची रीत फार उशिरा पडली. तिचा अल्प इतिहास ज्ञातिबांधवांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

वऱ्हाडातील संत गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) तान्हेपणीच दृष्टीस मुकले. इतरांकडून ग्रंथ वाचवून घेऊन व मजकूर सांगून त्यांनी विपुल ग्रंथरचना केली. पण वाचून दाखविणारा प्रत्येक अंधास कोठून लाभावा? ही उणीव बोटांनी वाचावयाच्या ब्रेल लिपीने पुष्कळ अंशी भरून काढली. १९०० साली मिस मिलर्ड यांनी मुंबईत अंधशाळा काढली. तीच पुढे दादरची कमला मेहता अंधशाळा झाली. १९५१ मध्ये भारतीय भाषांकरिता 'भारती ब्रेल' निश्चित झाली.

याच दादरच्या शाळेत आपल्या ठाणे जिल्ह्यातील, उल्हासनगरच्या प्रांजल पाटील शिकल्या. बालपणीच त्यांची दृष्टी गेली होती. मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजातून पदवी घेऊन त्या दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात गेल्या. २०१६ साली लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत ७७३ वा क्रमांक मिळूनही रेल्वे लेखा सेवेत त्यांस अंधत्वाच्या कारणाने नाकारण्यात आले. त्या खचल्या नाहीत. २०१७ च्या निकालात १२४ वा क्रमांक मिळवून त्या आय. ए. एस. झाल्या आणि २०१९ मध्ये तिरुवनंतपुरम येथे उपजिल्हाधिकारीपदी रुजू झाल्या.

२०१६ च्या कायद्याने सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा अपंगांकरिता राखल्या आहेत. मग अडते कोठे? आमच्या मते, घराच्या उंबरठ्यावर. बहिणींची लग्ने अडतील या भयाने अंध मुलास पाहुण्यांपुढे न आणणारी घरे आम्ही शिक्षकी पेशात पाहिली आहेत. उंबरठा ओलांडला तरी शहापूरकरास आसनगावहून लोकल, मुरबाडकरास कल्याणची एस. टी. गाठावयाची, सोबत कोण करणार? परीक्षेस लेखनिक कोण देणार?

सरकारने जागा राखली. तेथवर पोहोचविणे आपले काम आहे. गुणवंतांच्या सत्काराबरोबरच अशा एका तरी विद्यार्थ्याच्या प्रवासाचा, वसतिगृहाचा व वाचकाचा भार ज्ञातीने उचलावा आणि आईबापांनी असे मूल लपवू नये, त्याचे नाव शाळेत घालावे, एवढीच आमची नम्र विनंती.