हिंगोलीत जन्मले, तरी ‘गैरमुलकी’

१/ साल १९२०. हिंगोलीत एक बाळ जन्मले, असे समजू. वडील पुण्याहून नोकरीसाठी आलेले, आई सोलापूरची. बाळाने पहिला श्वास निजामाच्या मुलखात घेतला. मग ते त्या मुलखाचे झाले का? हैदराबाद संस्थानाच्या नियमांचे उत्तर होते : नाही.

२/ त्या काळी हिंगोली परभणी जिल्ह्यात आणि परभणी हैदराबाद संस्थानात होती. पुणे व सोलापूर मुंबई इलाख्यात, म्हणजे ब्रिटिश अमलाखाली. दोन्हीकडे मराठीच बोलली जाई; तरीही पुण्याचा माणूस येथे परका ठरे. स्थानिक तो ‘मुलकी’, बाहेरचा तो ‘गैरमुलकी’.

३/ या भेदामागे नोकरीचा प्रश्न होता. दिवाण सालारजंग यांनी कारभार सुधारण्यासाठी उत्तर हिंदुस्थानातून शिकलेले अधिकारी आणले. १८८० च्या दशकात फारसी जाऊन उर्दू राजभाषा झाली. वरच्या जागा बाहेरच्यांकडे जात असल्याची सल स्थानिकांच्या मनात वाढत गेली.

४/ अखेर २५ रमजान १३३७ हिजरी, अर्थात जून १९१९ मध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांचे फर्मान निघाले. त्यानुसार मुलकी नियम सेवानियमांत दाखल झाले. निजामाच्या खास मंजुरीवाचून गैरमुलकी व्यक्तीस सरकारी नोकरी मिळणार नव्हती.

५/ मुलकी ठरण्याचे चार मार्ग होते : जन्माने संस्थानची प्रजा असणे, दीर्घ वास्तव्याने तो हक्क मिळवणे, जन्मसमयी वडील सरकारी सेवेत असून त्यांची १५ वर्षे पूर्ण झालेली असणे, अथवा मुलकी पुरुषाची पत्नी असणे.

६/ ‘जन्माने प्रजा’ या शब्दांची व्याख्या नीट पाहावी. जन्माच्या वेळी वडील मुलकी असले, तरच मूल जन्माने मुलकी. गाव कोणते, हे गौण. हिंगोलीची मुलकी घराण्यातील सून बाळंतपणासाठी पुण्याला माहेरी गेली, तरी तिचे बाळ मुलकीच; आणि पुण्याच्या कारकुनाचे बाळ हिंगोलीत जन्मूनही गैरमुलकी. आईचे मूळ कोठे, याला या व्याख्येत स्थान नव्हते.

७/ मग वडिलांनी काय करावे? संस्थानात किमान १५ वर्षे कायम वास्तव्य करावे, पूर्वीच्या गावी परतण्याचा विचार सोडावा आणि तसे प्रतिज्ञापत्र विहित नमुन्यात मॅजिस्ट्रेटकडून साक्षांकित करून घ्यावे. मुलाच्या भवितव्याची किंमत म्हणून मूळ गावाचा त्याग कागदावर मांडावा लागे.

८/ नियमांपूर्वीही परक्या कुटुंबांचे पाय डळमळीतच असत. सरोजिनी नायडू १८७९ मध्ये हैदराबादेत जन्मल्या. वडील अघोरनाथ चट्टोपाध्याय बंगालहून आलेले शिक्षणतज्ज्ञ. १८८३ मध्ये त्यांना संस्थानातून हद्दपार करण्यात आले. पुढे ते परतले. मुलीच्या जन्मस्थानाने पित्याला संरक्षण दिले नाही.

९/ १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. नियम मात्र उरले. १९५२ मध्ये हैदराबादेत मुलकी आंदोलन पेटले, गोळीबारात माणसे दगावली. खोट्या मुलकी दाखल्यांची तक्रार तेव्हा जोरात होती. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. तेलंगणात हा वाद पुढेही धुमसत राहिला आणि संसदेने १९७३ मध्ये कायदा करून हे नियम रद्द केले.

१०/ पित्याकडे पाहून मूल कोणाचे हे ठरवण्याची रीत मात्र संस्थानापुरती नव्हती. परदेशात जन्मलेल्या मुलाला वंशाने भारतीय नागरिकत्व मिळण्यासाठी १० डिसेंबर १९९२ पूर्वी वडीलच भारतीय असावे लागत. आई भारतीय असणे पुरेसे नव्हते. त्यानंतर कायद्याने दोघांपैकी कोणीही चालेल असे मानले.

११/ मराठवाड्यातील जुन्या घरांत उर्दू कागद सापडला, तर तारीख पाहावी. साल फसली असल्यास त्यात ५९० किंवा ५९१ मिळवावे. इसवी सन मिळतो. कदाचित तो एखाद्या आजोबांचा मुलकी दाखला असेल, आणि घराणे हिंगोलीचे केव्हा झाले, हे त्यावरून कळेल.